डेनिस लिली: गोलंदाज मोठा की प्रशिक्षक?

शिवण_सरळ

ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिली याचं नाव निघालं की गप्पा जोडीदार थॉमसन, अॅल्युमिनियमची बॅट आणि मियाँदादशी झालेली हमरीतुमरी इथेच अडकतात. त्याच्या पुढच्या कामाबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा धागा.

खेळाडू म्हणून हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे. ७० कसोटी, ३५५ बळी, सरासरी २३.९२. जानेवारी १९८४ मध्ये सिडनीला पाकिस्तानविरुद्ध तो निवृत्त झाला तेव्हा कसोटीत त्याच्याएवढे बळी कुणाचेच नव्हते. पण १९८७ मध्ये मद्रासला एमआरएफ पेस फाउंडेशन ही वेगवान गोलंदाजांची अकादमी सुरू झाली आणि २०१२ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, लिली तिथे येत राहिला. रोजचा भार टी. ए. शेखर यांच्यावर होता. मुलांच्या अॅक्शनची, म्हणजे चेंडू टाकण्याच्या पद्धतीची, दुरुस्ती लिलीच्या नजरेखाली व्हायची. श्रीनाथ, वेंकटेश प्रसाद, झहीर, मुनाफ, इरफान, आरपी, श्रीशांत हे सगळे कधी ना कधी त्या नेट्समधून गेले. बाहेरून मॅग्रा, ब्रेट ली, चामिंडा वास, मिचेल जॉन्सनही येऊन गेले.

माझं मत स्पष्ट आहे. प्रशिक्षक लिली हा गोलंदाज लिलीपेक्षा मोठा. आणि तो मोठा झाला याचं कारण ३५५ बळी नव्हेत; १९७३ मध्ये मोडलेली पाठ हे आहे. तुम्हाला काय वाटतं?

लाँगलेग

धागा छान, मत पटलं नाही.

प्रशिक्षकाचं श्रेय मोजायचं कसं? श्रीनाथकडे वेग होताच. झहीरचा डावखुरा कोन कुणी शिकवलेला नाही. अकादमीत देशातली निवडक मुलं येतात, त्यातली काही भारताकडून खेळणारच. त्या नावांची यादी दाखवून प्रशिक्षक मोठा ठरवणं म्हणजे नामवंत शाळेनं बोर्डातल्या मुलांचे फोटो लावण्यासारखं आहे. ३५५ बळी मात्र स्कोअरबुकात आहेत, त्यात वाटेकरी नाही.

बारावा_गडी

वाटेकरी नाही कसा? ३५५ पैकी ९५ वेळा ‘झे. मार्श गो. लिली’ आहे. यष्टिरक्षक मार्शला विचारा :)

पॉपिंगक्रीज

लाँगलेग, यादीवर तुमचा आक्षेप रास्त आहे. पण शिवण_सरळ यांनी पाठीचा मुद्दा काढलाय तो महत्त्वाचा, तो असाच सोडू नये.

१९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात लिलीच्या कमरेच्या मणक्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवार ताण पडून हाडाला जाणारा तडा) झालं. त्या काळी यातून वेगवान गोलंदाज परत येत नसे. आधी धड प्लास्टरमध्ये, मग पर्थच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियामध्ये फ्रँक पाइक यांच्या देखरेखीखाली व्यायाम, पळणं आणि अॅक्शनमध्ये बदल. १९७४-७५ च्या अॅशेसमध्ये तो परतला आणि २५ बळी घेतले. त्याच विद्यापीठात पुढे ऐंशीच्या दशकात वेगवान गोलंदाजांच्या पाठीवर जे संशोधन झालं, त्यातून ‘मिश्र अॅक्शन’चा धोका जगाला कळला.

आता हे नेमकं काय असतं ते सांगतो, कारण लिलीचं प्रशिक्षण समजायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

मागचा पाय पडतो तेव्हा दोन सुरक्षित पद्धती आहेत. एक आडवी: मागचं पाऊल क्रीजला समांतर, खांद्यांची रेषा फलंदाजाकडे, नजर पुढच्या हाताच्या बाहेरून. दुसरी समोरची: मागचं पाऊल फलंदाजाच्या दिशेनं, छाती उघडी, नजर पुढच्या हाताच्या आतून. दोन्हीत कंबर आणि खांदे एका रांगेत असतात. यातली एक चांगली आणि दुसरी वाईट असं नाही. घोळ तेव्हा होतो जेव्हा कंबर समोरची आणि खांदे आडवे, किंवा याच्या उलट. मग मागचा पाय पडल्यापासून पुढचा पाय पडेपर्यंतच्या क्षणात खांदे कमरेच्या विरुद्ध दिशेला पिळले जातात. ही पीळ ३० अंशांच्या पुढे गेली की काळजी करायची, ४० च्या पुढे गेली की अॅक्शन बदलायलाच हवी.

लगेच पुढचा पाय आदळतो. शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट जोर त्या पायातून वर येतो, आणि तेव्हाच धड बाजूला झुकलेलं, मागे वाकलेलं आणि पिळलेलं असतं. हे तिन्ही एकाच वेळी कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या मागच्या बारीक हाडावर येतं. म्हणूनच फ्रॅक्चर बहुतेक वेळा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला होतं. उजव्या हाताच्या गोलंदाजाची डावी बाजू जाते.

ज्याची पाठ यातून गेली आहे, तो मुलाला फक्त ‘आणखी जोरात टाक’ असं सांगत नाही. आधी त्याचं मागचं पाऊल बघतो.

मिडऑन_मीरा

पॉपिंगक्रीज, फार छान समजावलंत. पण अॅक्शन बदलण्याच्या नादात किती गोलंदाज हातचे गेले तेही लिहा की.

जेम्स अँडरसन घ्या. इंग्लंडच्या सेटअपमध्ये त्याची अॅक्शन ‘सुरक्षित’ करायला गेले. वेग गेला, स्विंग गेला, आणि २००६ मध्ये ज्या स्ट्रेस फ्रॅक्चरपासून वाचवायचं होतं तेच झालं. तो आपल्या मूळ अॅक्शनवर परतला आणि ७०४ कसोटी बळी घेऊन २०२४ मध्ये थांबला. चेंडू सोडताना त्याचं डोकं खाली जायचं, कुठल्याही पुस्तकात ते चूकच ठरलं असतं.

बुमराहचंही तेच. भारताचे तेव्हाचे गोलंदाजी प्रशिक्षक भरत अरुण यांनी त्याच्या अॅक्शनला हात लावला नाही, भोवतीची ताकद वाढवली. हात न लावणं हेही प्रशिक्षणच आहे.

तिसरी_स्लिप

+१ मीराताई. आणि भरत अरुण यांच्यावरूनच मूळ प्रश्नाला एक फाटा फुटतो. ते स्वतः दोन कसोटी खेळले. त्यांच्यानंतर आलेले आपले पारस म्हांब्रे, त्यांच्याही दोनच. ट्रॉय कूली तर टास्मानियाकडून खेळले, कसोटी एकही नाही. पण २००५ च्या अॅशेसमध्ये फ्लिंटॉफ आणि सायमन जोन्सचा जो रिव्हर्स स्विंग दिसला, त्यामागे गोलंदाजी प्रशिक्षक कूलीच होते. अरुण यांच्या काळात भारत ऑस्ट्रेलियात २०१८-१९ आणि २०२०-२१ अशा लागोपाठ दोन मालिका जिंकला, आणि दुसऱ्या मालिकेतल्या ब्रिस्बेनच्या शेवटच्या कसोटीत आघाडीचे गोलंदाज जायबंदी असताना सिराज, शार्दूल, सैनी आणि नटराजन ही मंडळी होती.

उलट वेस्ट इंडिजचा ५१९ बळींचा वॉल्श २०१६ ते २०१९ बांगलादेशचा गोलंदाजी प्रशिक्षक होता. घरच्या खेळपट्ट्या फिरकीच्या, संघात वेगवान गोलंदाज एक किंवा दोन. तिथे वॉल्शनं तरी काय करायचं?

थोडक्यात, बळींचा आणि शिकवण्याचा संबंध मला दिसत नाही. लिली अपवाद असेल.

कटर_मास्तर

संबंध आहे, पण एकूण बळींशी नाही. कोणते बळी, ते बघा.

फेब्रुवारी १९८० ची मेलबर्न कसोटी, इंग्लंडविरुद्ध. खेळपट्टी मेलेली, उसळी नाही. लिलीनं ६/६० आणि ५/७८ असे अकरा बळी घेतले, आणि ते वेगावर नव्हे, कटरवर, म्हणजे बोटांनी फिरवून टप्प्यावर वळवलेल्या चेंडूवर. पाठीच्या दुखण्याआधीचा लिली अशा खेळपट्टीवर नुसता डोकं आपटून आपटून दमला असता.

लेगकटर वाचून सोपा वाटतो, म्हणून जरा खोलात जातो. उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या नजरेतून पाहिलं तर बोटं चेंडूच्या डाव्या अंगावरून खाली ओढली जातात, चेंडू घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो आणि टप्प्यावर पडून उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो. ऑफकटरला बोटं उजव्या अंगावरून. चूक हमखास कुठे होते? मनगट आणि बोटांनी करायचं काम मुलं खांद्यानं करतात. खांदा लवकर उघडतो, चेंडू लेगला जातो, आणि हात सावकाश आल्यामुळे फलंदाजाला आधीच कळतं. हाताचा वेग नेहमीच्या चेंडूएवढाच हवा. चेंडूचा वेग कमी होतो तो बोटं चेंडूच्या मागे न राहता बाजूनं घसरतात म्हणून. सराव उभ्यानंच सुरू करावा: दहा-बारा पावलांवरून जोडीदाराकडे, शिवण फिरताना दिसते का ते बघत. मग तीन पावलांवरून, मग पूर्ण रनअप. चेंडू जुना आणि खेळपट्टी कोरडी असेल तरच पकड मिळते. हिरव्या, ओलसर खेळपट्टीवर नव्या चेंडूनं कटर टाकणं म्हणजे शिवण वाया घालवणं.

हे सगळं त्याला शोधावं लागलं, कारण नुसत्या वेगावर आता भागणार नव्हतं. ज्याला गोष्ट तुकड्या-तुकड्यानं जोडावी लागते त्याला ती तुकड्या-तुकड्यानं सांगता येते. थॉमसन बघा, वेग त्याच्याकडे लिलीपेक्षा जास्त. पण त्याची ती गोफणीसारखी अॅक्शन दुसऱ्याला कशी देणार?

लाँगलेग

कटर_मास्तर, मेलबर्न सांगितलंत, मग पुढच्याच महिन्यातलं फैसलाबादही सांगा. बळी शून्य. पाकिस्तानातल्या त्या मालिकेत एकूण तीन बळी. कटर तिथे कुठे गेले?

बारावा_गडी

फैसलाबादला ऑस्ट्रेलियाच्या अकराही जणांनी गोलंदाजी केली होती, ग्लोव्ह्ज काढून मार्शनंसुद्धा. त्या खेळपट्टीचा दोष लिलीला नको!

शिवण_सरळ

फैसलाबादवर बारावा_गडी यांच्याशी सहमत. आणि १९८१ मध्ये त्यानं १३ कसोटींत ८५ बळी घेतले तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. त्यातले ३९ इंग्लंडमधल्या एका मालिकेत. वेग उतरल्यावरचे आकडे आहेत हे.

मीराताईंचा अँडरसनचा मुद्दा मात्र मला अडचणीचा वाटतो. पॉपिंगक्रीज, अॅक्शन कधी बदलायची आणि कधी नाही, हे ठरवतात कसं?

पॉपिंगक्रीज

सगळ्यात आधी चित्रण. आता साध्या मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रं मिळतात, तेवढी पुरतात. एक मोबाइल गोलंदाजाच्या मागे, यष्ट्यांच्या रेषेत. दुसरा बाजूला, पॉपिंग क्रीजच्या बरोबर रेषेत, कमरेच्या उंचीवर, स्टँडवर. हातात धरलेल्या मोबाइलवर कोन फसवतात. पहिल्या षटकाचं आणि दमल्यानंतरच्या, म्हणजे पाचव्या-सहाव्या षटकाचं, असं दोन्ही घ्यायचं. ताजा असताना नीट दिसणारी अॅक्शन दमल्यावर कोसळत असेल तर तिथे अॅक्शनला हात लावायचं कारण नाही. पाय, पुठ्ठे आणि पोट यांची ताकद कमी आहे, व्यायाम द्यायचा.

मोबाइलवरून अंशांचं अचूक माप निघत नाही, त्याला वरून कॅमेरा किंवा प्रयोगशाळा लागते. पण मागचा पाय पडला तेव्हाचं आणि पुढचा पाय पडला तेव्हाचं अशी दोन चित्रं शेजारी ठेवली की खांदे उलटे वळतायत का हे उघड दिसतं.

बदल करण्याजोगं काय? धोक्याची पीळ. धडाचं जास्तीचं बाजूला झुकणं. पुढचं पाऊल मागच्या पावलाच्या रेषेच्या पलीकडे इतकं पडणं की शरीराला स्वतःच्याच पायावरून आडवं ओढावं लागतं. आणि कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होत असेल तर तो नियमाचाच प्रश्न आहे. बाकी डोकं कुठे जातं, पुढचा हात कसा येतो, उडी केवढी आहे, हे दिसायला विचित्र असलं तरी मणक्याला त्रास देत नसेल तर राहू द्यावं. अँडरसनच्या बाबतीत दिसण्यावर बोट ठेवलं गेलं असं मला वाटतं.

बदलायचंच ठरलं तर कधीही हातापासून सुरुवात नको. हात हा शेवट आहे. मागचं पाऊल कुठल्या कोनात पडतं ते रनअपच्या शेवटच्या चार-पाच पावलांत ठरलेलं असतं, तिथून सुरुवात करायची. क्रम असा: उभ्यानं, मग चालत, मग तीन पावलं, मग अर्धा रनअप, मग पूर्ण. प्रत्येक पायरीवर नवं पाऊल न सांगता पडायला लागलं की पुढे. यात सहा ते आठ आठवडे सहज जातात आणि त्या काळात सामना नाही म्हणजे नाही. सगळी पडझड इथेच होते. दोन आठवड्यांनी क्लबचा सामना येतो, मुलाला घेतात, फलंदाज दोन चौकार मारतो आणि मुलगा जुन्या अॅक्शनवर परत. त्याहून वाईट म्हणजे अर्धी जुनी, अर्धी नवी. हीच ती मिश्र अॅक्शन.

गल्लीतला_मार्शल

सगळं वाचतोय, जबरदस्त धागा. एक साधा प्रश्न. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी दिवसाला किती षटकं टाकावीत? सगळीकडे वेगवेगळं ऐकायला मिळतं.

पॉपिंगक्रीज

इंग्लंडच्या बोर्डाचे नियम सगळ्यात सुटसुटीत आहेत, मी तेच वापरायला सांगतो. १३ वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ५ षटकं, दिवसाला १०. १४-१५ वर्षं: स्पेल ६, दिवसाला १२. १६ ते १९: स्पेल ७, दिवसाला १८. एक स्पेल संपला की त्याच टोकाकडून तेवढीच षटकं दुसऱ्यांनी टाकेपर्यंत विश्रांती. आठवड्यात चारच दिवस गोलंदाजी, आणि लागोपाठ दोनच दिवस.

पण आकड्यांपेक्षा मोजणी चुकते. सामन्यातली षटकं सगळे मोजतात, नेट्समधले चेंडू कुणी मोजत नाही. पाऊण तास नेट्समध्ये टाकणारा मुलगा साठ चेंडू सहज टाकतो. ती झाली दहा षटकं, आणि दुसऱ्या दिवशी सामना. एक वही ठेवा, तारखेपुढे चेंडू लिहा, शाळा, क्लब, अकादमी सगळं मिळून. चालू आठवड्याचे चेंडू मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपट झाले की थांबवा. परीक्षेनंतर महिनाभराच्या सुट्टीवरून येऊन थेट शिबिरात टाकायला लागणारी मुलं याच दीडपटीत सापडतात. हा दीडपटीचा आकडा ब्रह्मवाक्य नाही, त्यावर संशोधकांमध्ये वाद आहेत, पण इशारा म्हणून उपयोगी आहे.

आणि मागे वाकल्यावर कमरेच्या एकाच बाजूला दुखत असेल तर ‘स्नायू धरलाय’ म्हणून बाम लावून पाठवू नका. सुरुवातीच्या टप्प्यात साध्या एक्स-रेमध्ये बहुतेकदा काही दिसत नाही. एमआरआयमध्ये हाड मोडण्याआधीची सूज दिसते. तेव्हा पकडलं तर काही महिन्यांची विश्रांती, नंतर पकडलं तर अख्खा मोसम.

तिसरी_स्लिप

हा शेवटचा परिच्छेद प्रत्येक शिबिराच्या फलकावर लावा.

मैदानकर

जरा विषयांतर करतो, पण लिलीनं मद्रासला काय शिकवलं हे समजायला चेंडूचा फरक लक्षात घ्यावा लागेल. ऑस्ट्रेलियात वापरतात त्या कुकाबुरा चेंडूची बाहेरची शिलाई मशीनची, मधल्या दोन रांगा फक्त हाताच्या. शिवण वीस-पंचवीस षटकांत बसते. आपल्याकडच्या एसजी चेंडूच्या सगळ्या रांगा हाताच्या, शिवण टिकते पण आपल्या रुक्ष मैदानावर चकाकी लवकर जाते. म्हणजे ऑस्ट्रेलियन गोलंदाजाची उसळीवर जगायची सवय इथे जशीच्या तशी चालणार नाही. इथे शिवण सरळ ठेवणारा आणि एक बाजू जपणारा तरतो.

मुंबई_मैदान

झहीरचा विषय निघालाय म्हणून. श्रीरामपूरचा हा मुलगा मुंबईत आला, तिथून एमआरएफला गेला, २००० मध्ये भारताकडून खेळला, सगळं बरोबर. पण आपल्याला जो झहीर आठवतो तो २००६ नंतरचा. संघाबाहेर गेल्यावर वूस्टरशायरकडून काउंटीचा हंगाम खेळला, ७८ बळी घेतले, रनअप छोटा केला. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये तीन कसोटींत १८ बळी, त्यातले नऊ ट्रेंट ब्रिजला. राउंड द विकेट येऊन स्ट्रॉस-कुकची जी तारांबळ उडवली ती रोज दिवसभर गोलंदाजी करून आलेली होती. त्यात लिली कुठे आहे?

कटर_मास्तर

पायात आहे. रोज दिवसभर, आठवड्यामागून आठवडे टाकता येणं ही पाठ आणि पाय शाबूत असल्याची खूण. बाकी कौशल्य झहीरचंच, यात शंका नाही.

लाँगलेग

मग मुनाफ? २००६ मध्ये मोहालीला पदार्पणात सात बळी, वेग बघून सगळे उठून बसले होते. दोन-तीन वर्षांत मध्यमगती. तोही त्याच नेट्समधून आलेला. यशाचं श्रेय देता तर याचाही हिशोब मांडा.

मिडऑन_मीरा

मुनाफचा वेग गेला हे खरं, पण त्याच मुनाफनं २०११ च्या विश्वचषकात ११ बळी घेतले, यष्ट्यांना चिकटून टप्पा ठेवून. दुखापतींनंतर उरलेल्या ताकदीत संघासाठी काय करता येईल ते त्यानं शोधलं. मला तो अपयशाचा नमुना वाटत नाही.

आणि सगळे पुरुषांबद्दलच बोलताय. झूलन गोस्वामी! एकदिवसीयमध्ये २५५ बळी, सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर निवृत्त, आणि सहा महिन्यांत मुंबई इंडियन्सच्या महिला संघाची मार्गदर्शक आणि गोलंदाजी प्रशिक्षक. पहिलाच डब्ल्यूपीएल (महिला प्रीमियर लीग) जिंकला. वीस वर्षं एका अॅक्शननं, एका टप्प्यावर टाकत राहणं कसं जमतं हे सांगायला तिच्याएवढं अधिकारी माणूस आज दुसरं नाही.

गल्लीतला_मार्शल

झूलनला शंभर वेळा +१.

अजून एक विचारतो. रनअपची खूण कशी करायची? मुलं नुसती पावलं मोजतात आणि प्रत्येक सामन्यात नो-बॉल.

मैदानकर

उलटं पळा. पॉपिंग क्रीजवर मागे तोंड करून उभं राहायचं, खेळपट्टीपासून दूर, नेहमीच्या लयीत पळत जायचं आणि जिथे चेंडू सुटेल असं वाटतं तिथे सोडायचा. बाजूला उभ्या जोडीदारानं पुढचं पाऊल कुठे पडलं ते टिपायचं. असं सहा-आठ वेळा केलं की खुणांचा पुंजका दिसतो. त्याच्या मध्यावर खूण, आणि क्रीजपर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहून ठेवायचं. पावलांनी नाही, कारण चालताना पाऊल रोज वेगळं पडतं.

नो-बॉल मात्र बहुतेकदा खुणेमुळे होत नाही, सुरुवातीमुळे होतो. एकदा चालत सुरुवात, एकदा उडी मारून, एकदा डावा पाय आधी. पहिली दोन पावलं पक्की केली की शेवटचं पाऊल आपोआप जागेवर येतं. समोरून जोराचा वारा असेल तर खूण एखाद्या फुटानं पुढे घ्यायची, मागून असेल तर मागे. आणि नेट्समध्ये रेषेपलीकडे पाय टाकून कुणी त्रिफळा उडवला तर ती विकेट धरूच नका.

बारावा_गडी

लिलीनं १९८७ मध्ये एका मुंबईकर मुलाला गोलंदाजी सोडून फलंदाजीकडे लक्ष दे असं सांगितलं होतं. नाव तेंडुलकर. प्रशिक्षक म्हणून माझं मत त्या एका सल्ल्यावर लिलीला :)

तिसरी_स्लिप

हाहा, निकाल लागला!

लाँगलेग

हसा, पण बारावा_गडी यांनी माझं काम सोपं केलं. कुणाला काय जमणार नाही हे ओळखणं हा गुण ३५५ बळींतून येत नाही, हे मान्य. मिचेल जॉन्सनला सतरा वर्षांचा असताना ब्रिस्बेनला पाहून लिलीनं पिढीतून एकदाच येणारा गोलंदाज म्हटलं होतं. नंतर जॉन्सनची पाठ अनेकदा दुखावली, तरी ३१३ कसोटी बळी. ती नजर मी लिलीच्या खात्यात टाकतो. गोलंदाज लिली मोठाच, हे मत मात्र कायम.

शिवण_सरळ

लाँगलेग, एवढं दिलंत तेही पुष्कळ.

मूळ प्रश्नाकडे येतो. तिसरी_स्लिप यांनी अरुण आणि कूली यांची नावं दिल्यावर माझ्या विधानात दुरुस्ती करावीशी वाटते. मोडलेली पाठ ही अट नाही. अट आहे ती आपली गोलंदाजी एकदा पूर्ण उलगडून परत जोडण्याची. लिलीला ते दुखापतीनं करायला लावलं. वेग आणि बळी मर्यादित असलेल्याला ते पहिल्या दिवसापासून करावं लागतं, म्हणून दोन कसोटी खेळलेला माणूसही उत्तम शिकवतो. ज्याला आयुष्यभर सगळं आपसूक मिळालं, त्याची शिकवताना पंचाईत होते. २०१२ मध्ये लिलीच्या जागी मॅग्रा आला तेव्हा म्हणूनच मला निवड पटली. ५६३ बळी, पण तुफान वेगावर नव्हे, तर दर चेंडूला तोच टप्पा आणि तीच मनगटाची ठेवण सांभाळून.

पॉपिंगक्रीज, एक विनंती. दुखापतीतून परतणाऱ्या गोलंदाजासाठी आठवड्यांचा आराखडा लिहाल का? लिलीच्या वेळी तो कुणाकडेच नव्हता, आता आहे.

पॉपिंगक्रीज

लिहितो, पण आधी सांगतो, डॉक्टर आणि फिजिओनं हिरवा कंदील दिल्यानंतरचंच हे आहे, आणि दिवस माणसागणिक बदलतात. ढोबळ आराखडा असा.

गोलंदाजीआधी पळणं. सरळ रेषेत वेगानं पळताना, थांबताना आणि एका पायावर उतरताना काहीही दुखता कामा नये. एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर दोन्ही बाजू सारख्या वाटल्या पाहिजेत. मग पहिले दोन आठवडे उभ्यानं आणि चालत, एक दिवसाआड, १२ ते १८ चेंडू. पुढचे दोन आठवडे छोट्या रनअपवरून, अर्ध्या-पाऊण जोरात, २४ पर्यंत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पूर्ण रनअप, पण जोर अजून पाऊणच, ३० ते ३६ चेंडू, आणि मध्ये एक दिवस सुट्टी सक्तीची. पूर्ण जोर त्यानंतर, आधी नेट्समध्ये फलंदाजाशिवाय, कारण समोर फलंदाज आला की कुणीही ठरवलेल्या जोरावर थांबत नाही. सामना शेवटी, चार षटकांच्या स्पेलनं.

जोर आणि चेंडूंची संख्या एकाच आठवड्यात दोन्ही वाढवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कंबर कशी आहे ते वहीत लिहा. संध्याकाळी शरीर गरम असतं, तेव्हाचं उत्तर खरं नसतं. सकाळी एका बाजूला दुखलं तर एक पायरी खाली, आणि तिथे किमान आठवडाभर.

गल्लीतला_मार्शल

उतरवून घेतलं. बाराव्या षटकाचा दम आणि वहीचा नमुना यावर वेगळा धागा काढाल का?

पॉपिंगक्रीज

रविवारी काढतो. तोपर्यंत मुलांचे नेट्समधले चेंडू मोजायला सुरुवात करा, धाग्यावर तेच आकडे लागतील.